वाघिणींच्या शोधात



परवा सहावीच्या वर्गात वर्तमानपत्राचं वाचन चालू होतं. एका मुलीने खणखणीत आवाजात बातमी वाचली, "मालगाडीच्या दोन वाघिणी रुळावरून घसरल्या." झालं, अख्खा वर्ग हसायला लागला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, वाघिणी रुळावर कशाला गेल्या होत्या?"

मी फळ्यावर मालगाडीचा डबा काढला. इंग्रजीतल्या 'वॅगन'ची आपल्याकडे वाघीण झाली, हे सांगितलं. मुलांना शब्द फार आवडला. पण डबा काढताना माझ्या लक्षात आलं की मी दोन चाकं या टोकाला आणि दोन चाकं त्या टोकाला, असा जुना चारचाकी डबा काढलाय. आजच्या वाघिणीला आठ चाकं असतात. हात आपोआप जुन्या डब्याकडे गेला, त्यामागे एक गोष्ट आहे. ती मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. आज तुम्हाला सांगतो.

आमच्या उधव्यातून रेल्वे दिसत नाही. तलासरीला जायचं, आणि तिथून पुढे डहाणूकडे नाहीतर उंबरगावकडे, तेव्हा कुठे रूळ दिसतात. तरी आमच्या घरात रेल्वेचा विषय निघायचा तो आजोबांमुळे. तरुणपणी ते गवत कापायला जायचे. तेव्हा या पट्ट्यातलं गवत मुंबईच्या तबेल्यांसाठी जायचं. कापायचं, सुकवायचं, गाठी बांधायच्या आणि स्टेशनात नेऊन डब्यात भरायच्या. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावात वारली शेतकऱ्यांची सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला. त्याच वर्षी गवत कापणाऱ्यांनी पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मागितली आणि संप केला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सगळा काळ आहे. (शिक्षकांनी, निदान या भागात नोकरी करणाऱ्यांनी, ते वाचायलाच हवं असं माझं स्पष्ट मत आहे.) आजोबा मात्र सभेपेक्षा डब्यांबद्दल जास्त बोलायचे. "उघडी वाघीण, चार चाकांची. वर ताडपत्री. आम्ही दोघं आत उभं राहून गाठी रचायचो, खालून दोघं फेकायचे." मग म्हणायचे, "आता तशा वाघिणी राहिल्या नसतील."

हे वाक्य मी मनावर घेतलं.

साल १९९८, डिसेंबर महिना. मी डी.एड.ला होतो. मावसभावाकडे याशिकाचा कॅमेरा होता, माझ्याकडे काकांची राजदूत, तिसऱ्या मित्राकडे सीडी १००. ठरलं की दोन दिवस रुळाच्या कडेकडेने जायचं आणि जुन्या मालगाड्यांचे फोटो काढायचे. छत्तीसचा एकच रोल. दुसरा घ्यायला पैसे नव्हते, त्यामुळे प्रत्येक फोटोआधी तिघांत चर्चा व्हायची आणि चर्चा संपेपर्यंत गाडी निघून गेलेली असायची.

सुरुवात डहाणूपासून केली. तिथलं औष्णिक वीज केंद्र तेव्हा नवंच होतं, अडीचशे मेगावॉटचे दोन संच, आणि त्याच्यासाठी कोळशाच्या गाड्या यायच्या. लांबलचक, काळ्या, सगळे डबे एकसारखे, आठ चाकांचे. मावसभाऊ म्हणाला, "हे तर नवीन आहेत रे, आजोबांचे कुठायत?" मग घोलवड, उंबरगाव, संजाण असं पुढे पुढे गेलो. हा रूळ मूळचा १८६४ चा, मुंबईच्या ग्रँट रोडपासून सुरतेकडे जाणारा. एवढ्या जुन्या रस्त्यावर एखादा तरी जुना डबा असेल, असा आमचा सरळ हिशेब.

दुपारी एका लहान स्टेशनच्या टोकाला, बाजूच्या रुळावर, तो सापडला. स्टेशनचं नाव लिहीत नाही. तीन चारचाकी उघडे डबे उभे होते. गंज चढलेला, बाजूला गवत वाढलेलं. टोकाला गोल बफर, मध्ये फिरवून आवळायची साखळी. नव्या डब्यांना असे बफर नसतात, मधोमध मुठीसारखा एकच जोड असतो, तो आपोआप अडकतो. जुन्या डब्यांचे ब्रेक व्हॅक्यूमवर, नव्यांचे दाबाच्या हवेवर. हे आज मला माहीत आहे. त्या दिवशी आम्हाला एवढंच कळलं की आजोबांची वाघीण सापडली.

आणि तेवढ्यात लांबून मालगाडी येताना दिसली.

मला वाटलं, जुना डबा पुढे आणि नवी गाडी मागे, असा फोटो मिळाला तर काय बहार येईल! डब्यावर कुणी उभं असेल तर आणखी छान, म्हणजे आजोबा कसे उभे राहत असतील ते दिसेल. कॅमेरा माझ्या हातात होता. मी मावसभावाला म्हटलं, "वर चढ. काठावर उभा राहा आणि हात वर कर." तो पायरीला पाय लावून चढला. एक गुडघा काठावर टेकला. मी बटण दाबलं.

मागून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं. एक गँगमन, हातात लांब दांड्याचा हातोडा, धावत येत होता. "उतर! खाली उतर! उठू नको, वाकूनच उतर!" मावसभाऊ घाबरून तसाच घसरत खाली आला, ढोपर सोलून निघालं. गँगमनने त्याच्या दंडाला धरून त्याला डब्यापासून लांब ओढलं, आणि मग वर बोट दाखवलं. तिथे तार होती. सकाळपासून आम्ही तिच्या कडेकडेने फिरत होतो आणि एकदाही तिच्याकडे बघितलं नव्हतं.

"पंचवीस हजार व्होल्ट आहे त्यात," तो म्हणाला. "घरातल्या करंटला हात लावावा लागतो. हा हात लावायची वाट बघत नाही. जवळ गेलास की उडी मारतो."

आम्ही तिघं खाली बसलो. पायातलं बळच गेलं होतं. त्याने आपल्या डब्यातलं पाणी दिलं, मावसभावाचं ढोपर धुतलं आणि मग मनसोक्त शिव्या घातल्या. त्या इथे लिहिता येणार नाहीत. शेवटी म्हणाला, "पोरांनो, गाडी बघायची ना? फाटकावर उभं राहून बघा. फाटकाच्या बाहेर. तिथून काय दिसत नाही?" आम्हाला घेऊन गेला, आणि पुढची गाडी येईपर्यंत काय काय बघायचं ते सांगत बसला. शेवटी गार्डचा डबा बघायचा. त्याच्या मागे खूण असते, रात्री लाल दिवा. ती खूण दिसली तरच गाडी पुरी आली असं स्टेशनवाले धरतात. नाही दिसली तर काही डबे मागे सुटलेत, आणि त्या रुळावर दुसरी गाडी सोडायची नाही. हे मी पहिल्यांदा त्याच्याकडून ऐकलं. गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण गाडी पुरी आली का हे बघण्याचं काम अजून तसंच महत्त्वाचं आहे.

मी म्हटलं, "दादा, तुमचा एक फोटो काढू?" तो नको म्हणाला. रेल्वेच्या हद्दीत फोटोला परवानगी लागते, उगीच नोकरीवर यायचं. त्यामुळे त्याचा फोटो नाही.

पुढची सफर थोडक्यात सांगतो, कारण खरं सांगायचं तर मन उडालं होतं. रात्री बिलिमोऱ्याला राहिलो. दुसऱ्या दिवशी बिलिमोरा ते वघई ही छोटी गाडी बघितली. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट, एकूण ६३ किलोमीटर. गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने १९१३ च्या सुमारास ती सुरू केली, डांगच्या जंगलातलं सागवान बाहेर काढायला. आम्हाला काही लाकडाची मालगाडी दिसली नाही, एक इवलंसं डिझेल इंजिन प्रवासी डबे ओढत होतं. उनाईजवळ रस्त्यावरून तिचे चार-पाच फोटो काढले. मग वांसदा, धरमपूर, सिल्वासा करत रात्री घरी. दोन दिवसांत तीनशेच्या वर किलोमीटर झाले. ढोपराबद्दल घरी सांगितलं, "राजदूतवरून पडला."

रोल धुऊन आला. छत्तीसपैकी अकरा फोटो बरे होते. त्यांत आजोबांच्या चारचाकी वाघिणीचा एकच. काठावर गुडघा टेकलेला मावसभाऊ, आणि त्याच्या डोक्यावर, अगदी स्पष्ट, ती तार.

आजोबांनी सगळे फोटो डोळ्यांजवळ धरून बघितले. छोट्या गाडीचे आवडले. मग विचारलं, "आमची वाघीण नाही मिळाली?" मी म्हटलं, "नाही मिळाली." तो फोटो माझ्या पाकिटात होता. दाखवला असता तर त्यांनी पहिल्या नजरेत तार ओळखली असती आणि घरात जे रामायण झालं असतं त्याला मी भ्यालो. पुढे २००३ साली आजोबा गेले. तो फोटो त्यांनी पाहिला नाही.

आता हे सगळं आज का लिहितोय? कारण वाघिणीवर हसलेली मुलं दुसऱ्या दिवशी म्हणाली, "सर, आम्हाला मालगाडी बघायला न्या." आणि त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरी मोबाईल आहे. उभ्या मालगाडीवर सेल्फीसाठी चढलेली पोरं भाजल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता. आमच्याकडे छत्तीस फोटो होते म्हणून आम्ही एकदाच चढलो. यांच्याकडे फोटो मोजायचं कारणच नाही.

म्हणून आधी वर्गात एक गणित घातलं. तुम्हीही घालून बघा. आजची कोळशाची उघडी वाघीण रुळापासून साधारण सव्वातीन मीटर उंच. तिच्या काठावर दीड मीटर उंचीचा मुलगा उभा राहिला. तार साडेपाच मीटरवर. मुलाच्या डोक्यापासून तार किती लांब? उत्तर, पाऊण मीटर. मग दुसरा प्रश्न: रेल्वेचे स्वतःचे कामगारसुद्धा वीज बंद केल्याशिवाय चालू तारेच्या दोन मीटरच्या आत काम करत नाहीत. आता सांगा. वर्ग गप्प झाला. एका मुलाने हात वर करून बघितला आणि पटकन खाली घेतला.

फाटकावर किंवा पुलावर उभं राहून करण्यासारखं खूप आहे. डबे मोजा. कोळशाच्या गाडीला बहुधा ५८ च्या आसपास असतात. एकेक सुमारे पावणेअकरा मीटर लांब, म्हणजे गाडी सहाशे मीटरच्या वर! शाळेच्या मैदानात ती कशी बसवायची यावर आमच्या वर्गात अर्धा तास भांडण चाललं. आणि डब्यावरचा अकरा आकडी नंबर उतरवून घ्या. पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार, पुढचे दोन कुठल्या रेल्वेचा, पुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकडे त्याचा स्वतःचा क्रमांक, आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. समजा नंबर २२१२०८४५१३२ असा आहे. पहिल्या दहांपैकी सम जागांवरचे आकडे २, २, ८, ५, ३. बेरीज २०, तिची तिप्पट ६०. विषम जागांवरचे २, १, ०, ४, १, बेरीज ८. एकूण ६८. पुढची दहाची पट ७०, कमी पडतात २. शेवटचा आकडा बघा, २! मुलांना ही जादू वाटते. गाडी धावत असेल तर दोघांनी मिळून नंबर टिपायचा, एक पहिले सहा, दुसरा पुढचे पाच. पालकांनो, सुट्टीत डहाणूला गेलात तर हे करून बघा. मोबाईल खिशात ठेवून.

फोटो वर्गात दाखवायचा का, यावर मी बरेच दिवस विचार करत होतो. शेवटी मावसभावाला फोन केला. तो आता वापीला असतो, त्याची मुलगी आठवीत आहे. मी म्हटलं, "अरे, तो डब्यावरचा फोटो मुलांना दाखवू का?"

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दाखव. पण वर चढ म्हणणारा कोण होता, तेही सांग."

सोमवारी सांगितलं.