मुळशीची टेस्ट ड्राइव्ह

शोरूममध्ये सगळ्याच गाड्या देखण्या दिसतात. वर पांढरेशुभ्र दिवे, खाली चकचकीत टाइल्स, हातात फुकटची कॉफी आणि समोर ‘मॅडम, एकदा बसून तर बघा’ म्हणणारा टायवाला मुलगा! खरी परीक्षा चांदणी चौक ओलांडला की सुरू होते.

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. पितृपक्ष चालू होता, म्हणजे शोरूमवाल्यांचा मंदीचा पंधरवडा. शिवाय २२ तारखेला, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, गाड्यांवरचा जीएसटी उतरणार होता. सगळं पुणं दसऱ्याकडे डोळे लावून बसलेलं आणि त्यात मीही. आयुष्यातली पहिली गाडी घ्यायची होती. बजेट बारा लाख, तेही हप्त्यावर. फ्रीलान्सरकडे सॅलरी स्लिप नसते, त्यामुळे इन्कम टॅक्स रिटर्न्सची भेंडोळी घेऊन बँकेच्या पायऱ्या झिजवून झाल्या होत्या.

डोक्यात होती छोटी क्रॉसओव्हर. मनात मात्र कूपे!

याला जबाबदार माझा आतेभाऊ. दादा हिंजवडीत नोकरीला. दोन वर्षांपूर्वी बोनस आणि बचत एकत्र करून त्यानं एक जुनी जर्मन कूपे घेतली. लाल, बुटकी, दोन दारांची. (कंपनीचं नाव सांगत नाही, पुढे त्या गाडीचे जे हाल झाले ते वाचून तो रागावेल.) ‘जरा ताण की बजेट,’ तो म्हणायचा, ‘पंधरा-सोळा लाखांत अशी जुनी मिळून जाईल. क्रॉसओव्हर काय, चाळिशीत घेतातच सगळे!’

हे वाक्य महिनाभर डोक्यात घर करून होतं. शेवटी ठरवलं, दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवून बघायच्या. निमित्त आयतंच होतं. मुळशी धरणाच्या कडेला आमचं गाव आहे. तिथं आजीकडे पक्षाचं जेवण होतं. दादाची लाल परी होतीच. मी एका दिवसासाठी छोटी क्रॉसओव्हर सेल्फ-ड्राइव्हनं भाड्यानं घेतली आणि शनिवारी सकाळी निघालो.

दोघांचा डबा, सगळ्यांची जीप

आधी ही दोन नावं समजून घेऊ. कूपे हा शब्द आपल्याला रेल्वेमुळे माहीत आहे, फर्स्ट क्लासमधला दोन बर्थचा छोटा डबा. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘कापलेलं’. मोठ्या घोडागाडीचा अर्धा भाग कापून दोघांपुरती केलेली गाडी, ती कूपे. मोटारीतही तोच हिशेब. दोन दारं, मागे उतरतं छप्पर आणि मागच्या सीटवर बसणाऱ्याचे हाल!

क्रॉसओव्हर म्हणजे जीपचा रुबाब आणि कारचा सांगाडा. जुन्या जीपसारखी खाली वेगळी चौकट नसते, म्हणून ती हलकी आणि चालवायला सोपी. आपल्याकडे तिचं माप ठरवलं करानं. २००६च्या बजेटमध्ये चार मीटरपेक्षा लहान आणि छोट्या इंजिनाच्या गाड्यांना एक्साइजमध्ये सवलत मिळाली आणि तेव्हापासून आपल्या गाड्यांची शेपटी चार मीटरला कापली जाऊ लागली. नेक्सॉन, फ्रॉन्क्स, आपल्याच चाकणला बनणारी कायलॅक, तिघींची लांबी एकच : ३९९५ मिलिमीटर. पाच मिलिमीटरची शिल्लक ठेवून कर वाचवायचा, याला म्हणतात हिशोबीपणा!

भूगाव ते पौड

चांदणी चौकातला जुना पूल २०२२च्या ऑक्टोबरमध्ये पाडला, २०२३च्या ऑगस्टमध्ये नवा उड्डाणपूल झाला. तरी भूगावला ट्रॅफिकनं गाठलंच. क्लच, ब्रेक, क्लच, ब्रेक. माझ्या भाड्याच्या गाडीचं स्टीअरिंग एका बोटानं फिरत होतं आणि उंच सीटवरून पुढच्या चार गाड्यांपलीकडचं दिसत होतं. मागे आरशात दादाचा चेहरा. प्रत्येक स्पीडब्रेकरवर तो गाडी तिरकी घ्यायचा, डोळे मिटायचा आणि मग आवाज यायचा. खर्रर्र! पिरंगुटपर्यंत मी असे सात आवाज मोजले.

इथे थोडं आकड्यांचं बोलू. जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर पंचचं १८७ मिलिमीटर, एक्स्टरचं १८५, कायलॅकचं १८९, फ्रॉन्क्सचं १९० आणि नेक्सॉनचं २०८. कूपेचा सगळा डौल जमिनीला चिकटून पळण्यात, त्यामुळे तिथं हे अंतर बरंच कमी. परदेशातल्या गुळगुळीत रस्त्यावर ते शोभतं. आपले स्पीडब्रेकर कुणी कधी मोजून बांधलेत?

पिरंगुटपासून पौडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटिंगच्या पाट्या. ‘मुळशी पॅटर्न’ २०१८मध्ये आला तेव्हा आपण टाळ्या-शिट्ट्या वाजवून पाहिला, पण त्यातली गोष्ट याच मातीतली. जमीन गेली, पैसा आला, पैशाची गाडी आली. गाडी राहिली नाही, जमीन तर नाहीच.

आता माझी पाळी!

पौडला चहा-वडापाव झाला आणि आम्ही किल्ल्या बदलल्या.

काय सांगू! सीटवर बसले नाही, सीटमध्ये उतरले. पाय लांब, बॉनेट लांब, रस्ता जणू मांडीवर. पौड सोडलं, गर्दी संपली आणि धरणाकडे जाणारी वळणं सुरू झाली. क्रॉसओव्हर वळणावर जराशी कलते, प्रवासी दाराकडे झुकतात. ही बया मात्र रुळांवर असल्यासारखी वळत होती. इंजिनाचा आवाज छातीत घुमत होता. पावसानं धुतलेले डोंगर, कडेला पिवळीधमक सोनकी आणि मी ठार वेडी! त्या वीस मिनिटांत मी मनातल्या मनात बजेट सोळा लाखांवर नेलंसुद्धा.

ही मजा आकड्यांतही दिसते. २०२४च्या अखेरीस आलेली बीएमडब्ल्यूची नवी एम-टू ही खरीखुरी दोन दारांची कूपे. ताकद ४८० हॉर्सपॉवर, शून्यावरून शंभरचा वेग चार सेकंदांत. कायलॅकचं इंजिन ११५चं, तिला त्यासाठी साडेदहाच्या आसपास सेकंद लागतात. पण एम-टूची किंमत तेव्हा एक कोटी तीन लाख होती. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स १३ टक्के. म्हणजे कूपेच्या नुसत्या टॅक्समध्ये एक छोटी क्रॉसओव्हर घरी येते!

आजीचा निकाल

आमच्या घराकडे जाणारा शेवटचा रस्ता कच्चा आहे. मुख्य रस्ता सोडून अर्धा किलोमीटर चढ, मधे ओहोळ. मी लाल परीचं नाक आत घातलं मात्र, खालून दगड असा काही लागला की दादा मागच्या गाडीतून ओरडतच उतरला. शेवटी कूपे टपरीशेजारच्या आंब्याखाली उभी राहिली आणि आम्ही दोघं क्रॉसओव्हरमधून वर गेलो. पहिल्या गिअरमध्ये ती कुरकुरली, पण गेली.

आजी दारातच. वय चौऱ्याऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू. ऑक्टोबरमध्ये पुण्यात ऑपरेशन ठरलेलं, पण पुण्याला यायचं म्हटलं की नन्नाचा पाढा. एसटीत धक्के बसतात, रिक्षात मळमळतं. मी म्हटलं, ‘आजी, आता मी गाडी घेतेय. तुला न्यायला मीच येणार.’

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

‘जिमीन इकून नाय ना घेत?’

‘नाही गं. आणि विकायला माझ्या नावावर आहे कुठं? हप्त्यावर घेतेय.’

‘मंग घे.’

जेवणं झाल्यावर तिला दोन्ही गाड्या बघायच्या होत्या. खाली आणलं. लाल कूपे बघून खूश झाली, लहान मुलीसारखी. दादानं हात धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि धरणाच्या कडेनं एक फेरी मारली. परत आल्यावर मात्र तिला उतरता येईना. एक पाय बाहेर, एक आत, हात दादाच्या गळ्यात. ‘हिरीत उतरल्यावानी वाटतंय रं,’ ती हसत म्हणाली. ‘उतारलं, आता वर कोन काढायचं?’ आम्ही दोघांनी मिळून काढलं.

मग तीच फेरी क्रॉसओव्हरमधून. इथं सीट तिच्या कमरेच्या उंचीची. टेकली, पाय आत घेतले, बसली. निघालो. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, ‘थांबव.’

रस्त्याच्या कडेला दगडी कठडा होता. त्याच्या पलीकडे पाणी, पार डोंगरापर्यंत. आजीनं काच खाली करायला सांगितली आणि बोट केलं. ‘थितं होतं जुनं गाव. सासूबाई दावायच्या. त्या गाडीतनं नुस्ता कठडाच दिसला.’

मी गप्प झाले. मीही त्या गाडीतून वीस मिनिटं आले होते. आवाज आठवत होता, वळणं आठवत होती. पाणी पाहिल्याचं आठवेना.

हे पाणी साधं नाही. टाटांच्या वीज कंपनीनं मुळा नदीवर हे धरण बांधायला घेतलं आणि १९२१मध्ये इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. शेतं बुडणार होती, घरं बुडणार होती, देव बुडणार होते. पांडुरंग महादेव बापट त्यांच्यासोबत उभे राहिले आणि ‘सेनापती’ झाले. लढा १९२४पर्यंत चालला, बापटांना तुरुंगवास झाला, धरण मात्र झालंच. पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरू लागलं आणि मुंबईला वीज मिळाली. ज्या एसबी रोडवर आपण रोज ऑफिसला जाताना सिग्नलला शिव्या घालतो, तो या बापटांच्या नावाचा. आणि मी ज्या गाड्यांची पत्रकं चाळत होते त्यांतल्या दोन टाटांच्याच. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, ‘आसंल. गाडी चांगली हाय का ते बघ.’

पक्षाचं पान ज्यांच्यासाठी वाढलं होतं, त्यांचं गाव पाण्याखाली. आजी दोन मिनिटं बघत राहिली. मग स्वतःच म्हणाली, ‘चल आता, च्या ठेवते.’

आणि मग...

२ ऑक्टोबरला, दसऱ्याला, झेंडूचा हार घालून माझी छोटी क्रॉसओव्हर घरी आली. कोणती ते सांगत नाही, उगाच जाहिरात व्हायची! हवा होता तो रंग मिळाला नाही. ताम्हिणीच्या वळणांवर ती जरा कलते आणि ओव्हरटेक करताना दोनदा विचार करावा लागतो. अशा वेळी लाल परीची आठवण येते, खोटं कशाला बोलू?

पण त्याच महिन्यात आजीला घेऊन याच रस्त्यानं आले. काच खाली, पदर वाऱ्यावर, पौडपर्यंत तिची बडबड चालू. धरण मागे पडेपर्यंत मात्र ती एक शब्द बोलली नाही. मी गाडी हळू घेतली.

गाडी घेण्याआधी

• शोरूमची टेस्ट ड्राइव्ह दहा मिनिटांची असते. त्याच प्रकारची गाडी एक दिवस भाड्यानं घ्या आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर चालवा.

• २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर (डिझेल असेल तर १५०० सीसी) जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के.

• उतरतं छप्पर हवंच असेल तर २०२४मध्ये आलेल्या कर्व्ह आणि बसाल्ट बघा. दिसायला कूपे, उंचीला क्रॉसओव्हर. दोन्ही चार मीटरहून लांब, त्यामुळे कर मोठ्या गाडीचा. फ्रॉन्क्सचं छप्परही मागे उतरतं, पण ती चार मीटरच्या आत.

• जुनी कूपे घ्यायची तर आधी लिफ्टवर चढवून खालून बघा. पोटावरचे ओरखडे पूर्वीच्या मालकाचे सगळे रस्ते सांगतात.

• घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवा. आणि मुख्य म्हणजे, उतरवून बघा!