मामांचा रेडिओ

मे महिन्याच्या सुटीत मी भोपाळला, बाग सेवनियातल्या आत्याकडे गेलो होतो. आत्याचे यजमान, आमचे मामा, तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा जुना लाकडी रेडिओ फडताळावर होता तिथेच आहे. समोरचे कापड सुटून लोंबत होते. पण रेडिओ जागचा हलवायचा नाही, ही आत्याची सक्त ताकीद!

ग्लू गन घ्यायचे ठरले. वायरवाली स्वस्त, पण फडताळाजवळ प्लग नाही. म्हणून बॅटरीवाली घेतली, ७ मिलिमीटर कांडीची. ११ मिलिमीटरची भडाभडा ओतते, नाजूक कामाला नको. (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, किंमत दोनदा विचारलीच.)

आधी सरावाला माझी चप्पल चिकटवली. गच्चीवरच्या उन्हात दुपारीच तळ सुटला! वितळून चिकटणारा हा डिंक, आईच्या कानडीत अंटु, तापला की पुन्हा मऊ पडतो. बादलीच्या गुळगुळीत प्लॅस्टिकवरून तर सालीसारखा निघाला. कापड नि लाकूड मात्र त्याला मानवते. धाग्यांत, रेषांत शिरून बसतो. रेडिओच्या आतले व्हॉल्व्ह तापतात खरे, पण मामा गेल्यापासून तो कोणी लावलाच नव्हता.

स्टुलावर चढलो. आत्याने स्टूल धरले. कडेने थेंब सोडायचा, लगेच कापड दाबायचे. बोट दोनदा भाजले. काम झाले.

आत्या वर बघत म्हणाली, "आता लावून बघूया का रे?"

मी "हो" म्हणालो, आणि खाली उतरून बारीक खिळे शोधू लागलो.