वीकएण्डचा नवरा आणि रेड वेल्वेट

लग्न नवऱ्याशी होतं, पण सोमवार ते शुक्रवारचा संसार सासूबाईंबरोबर असतो. निदान माझ्यासारखीचा तरी! नवरा पुण्याला आयटीत, मी इथे नाशकात, अंबडच्या ऑफिसात. मध्ये दोनशे किलोमीटरचा हायवे. संध्याकाळी घरी मी आणि अहो आई. टीव्ही चालू, आम्ही दोघी बंद. भांडण नाही हो, पण गप्पाही नाहीत.

अशात फेब्रुवारी आला. कॉलेज रोडवरच्या केक शॉप्समध्ये लाल बदामांचा पूर. मी ठरवलं, यंदा विकतचं नको. घरीच बदामाच्या आकाराचे रेड वेल्वेट व्हुपी पाय करायचे. नावात पाय असला तरी ही आहे दोन मऊ केकची जोडी, मध्ये क्रीम. मूळ अमेरिकेतलं. तिथल्या मेन राज्याने २०११ मध्ये याला चक्क अधिकृत खाऊचा दर्जा दिलाय!

रेसिपीत अंडं, बटरमिल्क, क्रीम चीज. आमच्या घरात अंडं येत नाही आणि क्रीम चीजचा भाव बघून मी डबा परत ठेवला. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘बटरमिल्क म्हणजे ताकच ना? आणि चीज कशाला? चक्का बांधू की!’

बांधला. नाशिकची थंडी असल्याने रात्रभर टांगूनही आंबट झाला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर कणीदार चक्का पुरणयंत्रातून काढून तयार! त्यात मऊ लोणी आणि पिठीसाखर घालून मी तो फ्रीजमध्ये टाकला.

आता केक. दीड वाटी मैदा, दोन चमचे साधा कोको, अर्धा चमचा सोडा, पाऊण वाटी पिठीसाखर, पाऊणशे ग्रॅम लोणी, अर्धी वाटी घट्ट ताक. ताकाची आंबट चव आणि सोडा भेटले की बुडबुडे होतात, अंड्यावाचून केक फुगतो. रंगासाठी बीटाचा दाट रस. सोडा जास्त झाला तर बीट मातकट होतं, म्हणून चमचाभर व्हिनेगर. रंग दुकानातल्यासारखा भडक येत नाही, जरा विटकरीच. मिश्रण दुधाच्या पिशवीत भरायचं, कोपरा कापायचा आणि दोन तिरके थेंब खाली जुळवायचे. झाला बदाम! १८० डिग्रीवर दहा-बारा मिनिटं.

बदाम काढता काढता अहो आई बोलायला लागल्या. सासरे बँकेत होते, बदली धुळ्याला. दर शनिवारी यायचे. ‘सहा वर्षं मी आणि माझ्या सासूबाई एका घरात होतो. एकमेकींसाठी स्वयंपाक केला, पण बरोबर बसून असं काही केलं नाही. त्या गेल्या तेव्हा कळलं, मला त्यांची आवडसुद्धा माहीत नव्हती.’

मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, ‘आई, तुम्हाला काय आवडतं?’

त्या हसल्या. ‘आधी हे तर खाऊ दे!’

शुक्रवारी रात्री नवरा द्वारकेला उतरून घरी आला. डबा उघडला तर आत चारच. ‘बाकीचे?’ आम्ही दोघी टीव्ही बघत होतो. म्हणजे टीव्ही चालू होता, बोलत आम्ही होतो.

पुढच्या बुधवारी नानकटाईचा बेत आहे. अहो आईंची आवड. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.