एक शेरा आणि एका कवीचे घर

शासकीय सेवेत काही वर्षे काढली, की एक सवय जडते. कोणतीही जुनी वास्तू पाहिली, की तिच्या सौंदर्याआधी ती कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे, हा प्रश्न मनात येतो. गेल्या हिवाळ्यात एका प्रशिक्षणवर्गाच्या निमित्ताने जयपूरला आठ दिवस राहणे झाले, तेव्हा हवामहालासमोर उभे असतानाही माझे तसेच झाले. उत्तर तिथेच मिळाले : राजस्थान शासनाचा पुरातत्त्व व संग्रहालय विभाग. रस्त्याच्या बाजूने या इमारतीला प्रवेश नाही. वळसा घालून मागून आत जावे लागते.

९५३ झरोके पाहायला सारे जग येते. मी मात्र एका कवीचे घर पाहायला गेलो होतो. ही वास्तू १७९९ मध्ये सवाई प्रतापसिंहांनी लालचंद उस्ताद यांच्याकडून बांधून घेतली, हे बहुतेकांना ठाऊक असते. हे प्रतापसिंह ‘ब्रजनिधी’ या नावाने ब्रजभाषेत कविता करीत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांनी कृष्णभक्तीची पदे रचली आणि भर्तृहरीच्या तिन्ही शतकांचा पद्यानुवाद केला. आपल्याकडे वामन पंडितांनी जे काम मराठीत केले, तेच त्यांनी ब्रजभाषेत केले. राजाचे राहते घर नगरप्रासादातले. पण हवामहालाचा आकार श्रीकृष्णाच्या मुकुटासारखा आहे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या विचित्र मंदिरात राजा कृष्णाची पूजा करीत असे, असे सांगतात. तेव्हा याला त्यांच्या कवितेचे घर म्हणायला हरकत नसावी.

वर जायला पायऱ्यांऐवजी बहुतांशी उतरते चढाव आहेत. माझ्यापुढे एक वयस्क वाटाड्या काही पर्यटकांना माहिती देत चालला होता. ‘‘मरहठे बहुत तंग करते थे,’’ असे म्हणून त्याने मागे वळून मला विचारले, ‘‘आप कहाँ से, साहब?’’ मी म्हटले, ‘‘पुण्याहून.’’ तो ओशाळून हसला आणि राण्यांच्या पडद्याविषयी बोलू लागला.

त्याचे काही चुकले नव्हते. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला हा अनुभव नवा नाही. आपण ज्याला अटकेपार झेंडा म्हणतो, त्याला इतरत्र दुसरे नाव असते. होळकरांची फौज चालून येत असताना १७५० मध्ये प्रतापसिंहांचे चुलते ईश्वरीसिंह यांनी आत्महत्या केली. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १७५१ मध्ये, जयपूर शहरात मराठ्यांची कत्तल झाली. प्रतापसिंह १७७८ मध्ये गादीवर आले तेव्हा त्यांचे वय होते अवघे तेरा वर्षांचे. पुढची पंचवीस वर्षे त्यांच्या दप्तरात सर्वांत जाड नस्ती कोणती असेल, तर ती मराठ्यांच्या खंडणीच्या थकबाकीची. तिच्यापायी १७८७ मध्ये तुंग्याला महादजी शिंद्यांशी लढाई झाली. ती अनिर्णित राहिली, पण माघार महादजींना घ्यावी लागली. १७९० मध्ये पाटणला आणि १८०० मध्ये मालपुऱ्याला जयपूरकरांचा पराभव झाला. शेवटच्या दोन पराभवांच्या मधल्या काळात हा महाल उभा राहिला.

विचित्र मंदिरापाशी टेकलो असताना महादजींचीच आठवण झाली. पुण्यात वानवडीला त्यांची छत्री आहे, ती आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. महादजीही कृष्णभक्त होते आणि त्यांनीही भक्तिपर पदे रचली. म्हणजे एकाच देवाची पदे रचणारे दोन कवी थकबाकीच्या आकड्यावरून समोरासमोर उभे ठाकले होते. वसुलीच्या बैठकांत ज्याने उमेद घालवली आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. कविता माणसाला चांगला प्रशासक बनवते, असा माझा दावा नाही. आश्रयाला आलेल्या अवधच्या वजीर अलीला याच राजाने १७९९ मध्ये इंग्रजांच्या हवाली केले. फासावर चढवायचे नाही आणि बेड्या घालायच्या नाहीत, या अटी मात्र त्याने घातल्या.

आता माझ्या स्वतःच्या नस्तीकडे येतो. हे लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

बावीस वर्षांपूर्वी मी एका उपविभागात प्रांताधिकारी होतो. तिथल्या एका गावातून अर्ज आला. गावचे एक दिवंगत शिक्षक कविता करीत. त्यांचे दोन खोल्यांचे मातीचे घर स्मारक म्हणून जतन करावे, अशी विनंती होती. सोबत वीस-पंचवीस सह्या आणि हाताने उतरवलेल्या काही कविता होत्या. कारकुनाने टिप्पणी ठेवली. मी कविता वाचल्या नाहीत. ‘सदर वास्तू विहित निकषांत बसत नाही. प्रस्ताव निकाली काढावा,’ असा शेरा मारला आणि पुढची नस्ती उघडली. शेरा नियमाला धरूनच होता. दोन पावसाळ्यांनी घराची मागची भिंत खचली आणि नंतर उरलेले घर पाडून टाकण्यात आले, असे माझ्या बदलीनंतर कानावर आले.

पुढे एकदा गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर पाहिले. केशवसुतही शिक्षकच होते आणि त्यांचेही घर कोकणातले साधे कौलारू घर. कोकण मराठी साहित्य परिषदेने आणि मधु मंगेश कर्णिकांनी ध्यास घेतला, म्हणून १९९४ मध्ये तिथे स्मारक उभे राहिले. तिथल्या पडवीत उभा असताना मला माझा शेरा शब्दशः आठवला होता. पण केशवसुत कुठे आणि ते गावचे मास्तर कुठे, असे स्वतःला समजावून मी बाहेर पडलो होतो.

जयपूरला ही समजूत टिकली नाही. ब्रजनिधींची कविता आज वाचायला मिळते, ती त्यांचा महाल शाबूत राहिला म्हणून नव्हे. पुरोहित हरिनारायण शर्मा यांनी ती हस्तलिखितांतून शोधली, संपादित केली आणि काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने ‘ब्रजनिधि-ग्रंथावली’ म्हणून छापली. हे पुरोहितजी जयपूर संस्थानच्या सेवेतले अधिकारी होते. त्यांच्याही मेजावर नस्त्या असतीलच. हे काम मात्र कोणत्याही नस्तीने त्यांच्यावर सोपवलेले नव्हते.

दुसरी गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे. प्रतापसिंहांनी गुणिजन जमवून संगीतावर ‘राधागोविंद संगीतसार’ हा मोठा ग्रंथ सिद्ध करवला. तो १९१० च्या सुमारास छापला, तो पुण्याच्या गायन समाजाने! ज्या पुण्याच्या नावाने जयपूरकरांकडून खंडणी मागितली गेली, त्याच पुण्यातल्या काही मंडळींनी जयपूरच्या राजाचा ग्रंथ पदरमोड करावी तशा आस्थेने लोकांपुढे आणला. ही परतफेड होती, असे मी म्हणणार नाही. त्या मंडळींच्या मनात तसे काही असण्याचे कारण नाही. पण त्या वाटाड्याला हे सांगावे, असे फार वाटले. उतरून खाली आलो तेव्हा तो गर्दीत कुठे दिसला नाही.

वास्तू जपायला कायदा लागतो, निधी लागतो, निकषही लागतात. त्यांची टिंगल करणे सोपे आहे आणि मी ती करणार नाही. पण निकषाबाहेर जे उरते, ते ‘निकाली’ निघत नाही. ते फक्त आपल्या मेजावरून हलते. मला त्या दिवशी आणखी एक ओळ लिहिता आली असती : ‘तथापि, कवितांची प्रत तालुका ग्रंथालयात ठेवावी.’ त्यासाठी निधी लागला नसता आणि कोणाची मंजुरीही लागली नसती.

परत आल्यावर त्या गावी गेलो. घराच्या जागी आता पत्र्याची शेड आहे. मास्तरांच्या सूनबाईंनी चहा दिला. मी कोण, ते सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘साहेब, अर्ज केला होता खरा. आता त्याचं काय!’’ मग आतून एक ट्रंक आणली. तीन वह्या होत्या. एक वाळवीने खाल्लेली, दोन वाचता येण्याजोग्या. त्यांच्या परवानगीने त्या दोन मी घरी आणल्या. रविवारी सकाळी उतरवून काढतो आहे. सगळ्याच कविता चांगल्या आहेत, असे नाही. सहा-सात खरोखर चांगल्या आहेत. त्या तेव्हाच वाचल्या असत्या तर शेरा कदाचित तोच राहिला असता, पण हात थोडा थबकला असता.

आपणांपैकी अनेकजण घरापासून दूर आहात. ग्वाल्हेरचे भा. रा. तांबे किंवा बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर यांची नावे तरी टिकली. ज्यांची टिकली नाहीत, असे मराठीत लिहिणारे आपल्या शहरातही होऊन गेले असतील. त्यांचे घर वाचवणे आपल्या हाती नसेल. त्या घरात ट्रंक आहे का, एवढे विचारून पाहावे.