फॉरमॅट मारायच्या आधी

आमच्याकडे कॉम्प्युटरने मान टाकली की औषध ठरलेलं: फॉरमॅट मारा. मशीन हळू चालतंय, मारा फॉरमॅट. मराठी नीट उमटत नाही, मारा फॉरमॅट. प्रिंट निघत नाही, तरी फॉरमॅटच. जळगावच्या गोलाणी मार्केटपासून धुळ्याच्या पाचकंदीलपर्यंत कुठेही उभं राहा, हा शब्द कानावर पडल्याशिवाय राहत नाही. दुरुस्तीवाल्यांना मी फार दोष देत नाही. गिऱ्हाईक डोक्यावर उभं, बिल करायचं तर काहीतरी मोठं केल्यासारखं दिसलं पाहिजे. पण मी पाहिलेल्या तक्रारींपैकी बहुतेक अशा होत्या की फॉरमॅट मारूनही त्या दुसऱ्या दिवशी तशाच उभ्या राहिल्या असत्या, कारण बिघाड मशीनमध्ये नव्हताच.

माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं, आणि पोटापाण्याचं काम कॉम्प्युटर शिकवण्याचं. 2001 साली एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटी सुरू झालं आणि सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागायला लागलं, तशी गावोगावी केंद्रं निघाली. अशाच एका केंद्रात मी बरीच वर्षं बॅचेस घेतल्या. रॅम आणि रॉममधला फरक घडाघडा सांगणारे गुरुजी सेव्ह केलेली फाईल मात्र शोधू शकत नसत. अभ्यासक्रमात फाईल सेव्ह करणं होतं. ती कुठे जाऊन बसते, हे कुणी विचारत नसे आणि आम्हीही फारसं सांगत नसू. आता बॅचेस सुटल्या. पतपेढ्या, सोसायट्या, सीएंची ऑफिसं, काही वकील आणि अर्थातच दोन्हीकडचे नातेवाईक, असा माझा फेरा असतो. जळगावहून पाळधी, एरंडोल, पारोळा करत धुळं गाठायचं. जुना सहा नंबरचा हायवे, आता त्रेपन्न.

"मनी फाईल कोठे गयी?" हा अहिराणी प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता फोन उचलतानाच उत्तर तयार असतं. नव्वद टक्के वेळा ती डाऊनलोड्समध्ये असते. ब्राउझरमध्ये कंट्रोल-जे दाबलं की यादी समोर येते. उरलेला घोळ जास्त वाईट. ईमेलमधली फाईल तिथल्या तिथे उघडायची, तिच्यातच तासभर काम करायचं, सेव्हचं बटण दाबायचं आणि बंद करायचं. ती सेव्ह होतेही, पण विंडोजच्या कुठल्यातरी तात्पुरत्या फोल्डरमध्ये, जिथे माणूस जन्मात जाणार नाही. म्हणून मी एकच सवय लावते: बाहेरून आलेली वर्डची किंवा एक्सेलची फाईल उघडली की आधी एफ-12. 'सेव्ह ॲज'ची चौकट उघडते, जागा दिसते, नाव देता येतं, मग काम. एवढ्या एका बटणाने माझे निम्मे फोन कमी झाले.

सगळ्यात जास्त शिकवून गेली ती पारोळ्याकडची एक विविध कार्यकारी सोसायटी. गटसचिव गृहस्थ वयाने मोठे, कामाला चोख. सभासदांच्या खात्यांची यादी त्यांनी रात्र जागून एक्सेलमध्ये भरली होती आणि बँकेकडून ती परत आली होती, बरेच खातेक्रमांक चुकीचे म्हणून. मी पोचले तेव्हा टेबलावर पासबुकांच्या झेरॉक्सचा गठ्ठा आणि ते हताश. "मॅडम, व्हायरस शे. आकडा खाई राहिना." फॉरमॅटचा सल्ला त्यांना आधीच मिळाला होता.

मी त्यांना म्हटलं, अप्पा, माझ्यासमोर एक नंबर टाका. त्यांनी शून्यापासून सुरू होणारा एक खातेक्रमांक टाकला, एंटर दाबलं आणि पुढची शून्यं आमच्या डोळ्यांदेखत गेली. दुसरा नंबर 16 आकडी. तो आधी ई आणि अधिकचं चिन्ह असलेल्या विचित्र रूपात दिसला. रकाना मोठा करून नंबरसारखा केला तर शेवटचा 7 जाऊन तिथे 0. अप्पा माझ्याकडे बघायला लागले. आता बोला, खाल्ला की नाही?

खाल्ला खरा, पण व्हायरसने नाही. एक्सेलला आपण जे लिहितो ते बेरीज-वजाबाकीचं वाटतं. बेरजेच्या दृष्टीने पुढच्या शून्याला किंमत नाही, म्हणून ते काढून टाकतं. आणि ते 15 अंकांपर्यंतच नेमकेपणा राखतं. सोळाव्या जागी काहीही असो, 0 होतो. खातेक्रमांक दिसतो आकड्यांचा, पण आहे नावासारखा. त्याची कुणी बेरीज करत नाही. म्हणून रकाना भरायच्या आधी तो पूर्ण निवडायचा, उजवं क्लिक, फॉरमॅट सेल्स, टेक्स्ट. मग नंबर डावीकडे चिकटून बसतात, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो, तो दिसू द्यायचा. कोपरा हिरवा झाला की बायाबापड्या घाबरतात आणि 'कन्व्हर्ट टू नंबर' दाबून मोकळ्या होतात. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि हे सगळं आधी करायला हवं. एकदा गेलेला आकडा नंतर टेक्स्ट करून परत येत नाही. तो पासबुकातच असतो.

त्यामुळे त्या दिवशी पुन्हा बसावं लागलं. सोसायटीचा शिपाई पासबुक वाचणार, अप्पा टाकणार. शेजारच्या रिकाम्या रकान्यात मी एलईएन हे सूत्र टाकलं. प्रत्येक नंबर किती आकडी आहे ते ते सांगतं. एकाच शाखेचे सगळे नंबर सारख्याच लांबीचे असतात, तेव्हा मध्येच कुठे एक आकडा कमी दिसला की वाचणाऱ्याला थांबवायचं. झेरॉक्समध्ये 3 आणि 8 एकमेकांचे सख्खे भाऊ असतात, त्यांना मात्र कुठलंच सूत्र पकडत नाही. आयएफएससी कोडचीही एक गंमत निघाली. त्या 11 जागांत पहिली चार अक्षरं बँकेची आणि पाचवा नेहमी शून्य. अप्पांनी ठिकठिकाणी तिथे इंग्रजी ओ टाकला होता. डोळ्याला फरक दिसत नाही, बँकेच्या मशीनला दिसतो. संध्याकाळच्या एसटीपर्यंत काम उरकलं. निघताना त्यांनी विचारलं, "मंग फॉरमॅट?" मी म्हटलं, मारला ना. रकान्याला.

जळगावातल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसातली तक्रार याच जातीची. तिथल्या मुलींना बारा लाख चौतीस हजार हे एक मिलियनच्या स्वल्पविरामांनी दिसायचे आणि वाचताना जीभ अडखळायची. त्यांनी प्रत्येक शीटमध्ये काहीबाही जुगाड करून ठेवले होते. खरं तर विंडोजच्या रीजनमध्ये देश अमेरिका होता. तो भारत केला आणि एक्सेल बंद करून उघडलं की स्वल्पविराम लाख-कोटींच्या जागी येतात. त्याच एका सेटिंगने तारखांचाही निकाल लागला. अमेरिकी पद्धतीत महिना आधी, म्हणून आपली 05/04 म्हणजे 5 एप्रिल तिथे 4 मे होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. 31/03 टाकलं तर एकतिसावा महिना नसतोच, मग ते तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून राहतं. ओळखायचं सोपं आहे: तारखांच्या रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे सरकलेल्या दिसल्या की समजावं, इथे घोळ आहे. आणि उजवीकडच्या, म्हणजे व्यवस्थित दिसणाऱ्या तारखांवर आधी संशय घ्यावा. सेटिंग पुढच्या नोंदी सुधारतं. आधीच उलटलेल्या तारखा हातानेच बघाव्या लागतात.

मराठीचं दुखणं धुळ्यात जास्त भेटतं, कारण तिथे माझे वकील आहेत. त्यांचे टायपिस्ट टाइपरायटरवर तयार झालेले, बोटांत रेमिंग्टनची मांडणी पक्की बसलेली. जुन्या फॉन्टमध्ये केलेला दावा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडला की इंग्रजी अक्षरांची रांगोळी. तो फॉन्ट मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवतो. फॉन्ट नसला की चित्रं जातात, अक्षरं उघडी पडतात. युनिकोडमध्ये मराठी अक्षराला स्वतःची जागा असते, ते कुठेही मराठीच राहतं. नव्याने शिकणाऱ्यांना मी विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड घालून देते. 2019 च्या मे महिन्यातल्या विंडोज 10 च्या अपडेटपासून तो आतच आहे, वेगळं काही विकत घ्यायला नको. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल. पण पन्नाशीच्या टायपिस्टला फोनेटिक शिकवायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा वेग हीच त्याची भाकरी. त्याला रेमिंग्टन मांडणीचाच युनिकोड कीबोर्ड द्यावा; बोटं तीच राहतात, फाईल तेवढी बदलते. एका टायपिस्टकाकांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं, मग स्वतःच जुने मसुदे बदलून द्यायला लागले.

उन्हाळ्याचं मात्र खरंच मशीनशी वैर आहे. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या वर जातो तेव्हा माणसं दुपारी दुकानं अर्धी ओढून घेतात, पण सीपीयू टेबलाखाली धुळीत, भिंतीला टेकून चालूच. तो तापला की स्वतःहून वेग कमी करतो आणि आपण म्हणतो, हँग होतंय. मशीन बंद करून, पंखा बोटाने धरून ब्लोअरने धूळ उडवायची आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचं. लॅपटॉप गादीवर ठेवायचा नाही. यूपीएसला लेझर प्रिंटर जोडायचा नाही. तो तापताना एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस ओरडायला लागतो आणि कधी सगळंच बसतं. हे मी सांगते, लोक माना डोलावतात, पुढच्या खेपेला प्रिंटरची वायर पुन्हा तिथेच.

घरचं गिऱ्हाईक सगळ्यात अवघड. आमचे आप्पा, माझे वडील, निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकले. एकदा दुपारी त्यांचा फोन: पडदाभर लाल सूचना, व्हायरस आलाय, खालच्या नंबरवर ताबडतोब फोन करा, आणि भोंगा वाजतोय. मी म्हटलं, फोन लावलात का? "नही लावा. तुले आधी इचारू म्हन्तं." देव पावला. ती नुसती एक वेबसाइट होती, पडदाभर पसरलेली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबायला लावून टास्क मॅनेजर उघडला, ब्राउझर बंद केला, भोंगा थांबला. त्यांना एवढंच पाठ करायला लावलंय: कॉम्प्युटर स्वतःहून कधी फोन नंबर देत नाही, कुणी स्क्रीन शेअर करायला ॲप टाका म्हणालं की फोन ठेवायचा, आणि पैसे गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच 1930. जितकी घाई, तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

फोटोंच्या बाबतीत आप्पांशी माझा वाद चालूच आहे. सगळं एकाच हार्डडिस्कवर. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. आप्पांना त्याचा भारी अभिमान. मी म्हणते, राजवाड्यांनी गोळा केलेले कागद नुसते पेटीत ठेवले का? 1898 पासून छापत गेले, 22 खंड निघाले. मूळ कागदाला उद्या वाळवी लागली तरी मजकूर राहिला. तुम्ही नातवाच्या बारशाची दुसरी प्रत तरी करा. यावर ते नवी पेन ड्राईव्ह आणून कपाटात ठेवतात. पाकीट न फोडता.

गेल्या दिवाळीनंतर चुलतभावाच्या आडत दुकानातून बोलावणं आलं. आमच्याकडे थोरल्याला जिभाऊ म्हणतात. विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, तेव्हापासून जिभाऊला जो तो नवं मशीन घ्यायला सांगत होता. त्याचा कॉम्प्युटर इतका जुना की विंडोज 11 ला लागतं ते टीपीएम 2.0 त्यात नाही. तेवढ्यापुरतं सांगणारे बरोबर होते. पण त्याची खरी तक्रार होती की सकाळी चालू केलं की चहा होऊन जातो तरी टॅली उघडत नाही. टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर डिस्क सतत शंभर टक्के. मी सांगितलं, जुनी फिरती हार्डडिस्क काढ, एसएसडी टाक, या सीझनला टॅली यावर चालव. पण इंटरनेटची केबल काढून ठेव आणि बँकेचे व्यवहार दुसऱ्या मशीनवर कर. नवं घेशील ते पुढच्या वर्षी, आपल्या सवडीने. डिस्क बदलायच्या आधी टॅलीचा डेटा पेन ड्राईव्हवर घेतला आणि मुनीमजींच्या लॅपटॉपवर उघडून मागच्या मार्चचा ताळेबंद जुळतो का ते त्यांच्याकडूनच बघून घेतलं. जुळला. एसएसडी बसली, मशीन अर्ध्या मिनिटात उघडायला लागलं. जिभाऊ खूश, फक्त त्याचं म्हणणं, इतक्यात चहा व्हत नही.