तेहतीस गोपद्मांचा स्वेटर

सांगली

चि. सोनूस,


एडिंबरोच्या तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला तुझा राखाडी स्वेटर फार आवडला आणि तिला त्याचा पॅटर्न हवा आहे, असं तू लिहिलंस. वाचून मला फार बरं वाटलं. हा पॅटर्न कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. तुझ्या मापावर तो विणत, उसवत, पुन्हा विणत तयार झाला. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. तिला हवं तेवढं तू इंग्रजीत करून दे.

मला या स्वेटरवर आजीची रांगोळी हवी होती. आधी दिवाळीतली तिची ठिपक्यांची मोठी रांगोळी घेतली, पंधरा ते एक. कागदावर देखणी दिसली, लोकरीत बसेना. दोन रंगांनी विणताना जो रंग पुढे नसतो, त्याचा धागा पाठीमागून सोबत न्यावा लागतो. रांगोळीची वळणं ऐसपैस, त्यामुळे मागे लांबच लांब धागे सुटे राहिले. बाहीत हात घालताना बोटं त्यांत अडकतात आणि धागा जरा ओढला गेला की पुढची वीण आवळते. तुमच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्यामध्ये, फेअर आइल नावाचं बेट आहे. तिथल्या बायकांनी यावर उपाय केव्हाच शोधून ठेवला: एका ओळीत रंग दोनच आणि आकृती बारीक, म्हणजे धाग्याला लांब जावंच लागत नाही. तिथले स्वेटर जवळून बघायला मिळाले तर आतली बाजूही उलटून बघ. खरी कारागिरी तिथे दिसते.

बारीक आकृती म्हटल्यावर गोपद्म आठवलं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत आजी रोज तुळशीपाशी तेहतीस गोपद्मं काढायची. तू शेजारी बसून मोठ्याने मोजायचीस आणि आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दोन थेंब शेजारी शेजारी, मध्ये फट. विणकामाला याहून सोयीची आकृती नाही: रुंदी पाच टाके, त्यांतला मधला एक फटीचा.

आता मापाचं. एलिझाबेथ झिमरमन नावाची एक विणकर होऊन गेली. १९१० साली इंग्लंडमध्ये जन्मली, पुढे अमेरिकेत स्थायिक झाली. १९७१ साली तिचं 'निटिंग विदाउट टिअर्स' हे पुस्तक निघालं. छातीच्या घेराचे टाके म्हणजे शंभर टक्के आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात, अशी तिची पद्धत. मनगट वीस टक्के, दंड साधारण तेहतीस, काख आठ, गळा चाळीस. ज्या बाईने असं साधं गणित हातात दिलं, तिचे माझ्यासारखीवर फार उपकार आहेत. एकदा ते समजलं की दुसऱ्याच्या पॅटर्नवाचून अडत नाही.

तुझी छाती ९० सेंटिमीटर, वर १० मोकळीक. आठ नंबरच्या सुईवर १० सेंटिमीटरात माझे २० टाके बसतात, म्हणजे घेराला २०० टाके. त्यावरून मनगट ४०, दंड ६६, काख १६, गळा ८०. अंग आणि दोन्ही बाह्या काखेपर्यंत वेगवेगळ्या गोल विणायच्या, काखेचे टाके बाजूला ठेवायचे आणि उरलेले सगळे एकाच गोल सुईवर घ्यायचे. अंगाचे १६८ आणि प्रत्येक बाहीचे ५०, असे २६८ होतात. एका गोपद्माला पाच टाके आणि शेजारी मोकळे तीन, म्हणजे आठाचं एक घर. आठ तेहतीसे २६४! काखेच्या सांध्यांशी चार टाके कमी केले की झालं. कॅलेंडरच्या पाठीमागे हा गुणाकार मांडला आणि तशीच उठून बाबाला फोन केला.

पुढचं तर आणखी छान. खांद्यांवरून गळ्याकडे जाताना झिमरमनबाई तीन फेऱ्यांत टाके कमी करते. पहिल्या फेरीत चाराचे तीन: २६४ चे १९८, म्हणजे सहा टाक्यांची तेहतीस घरं. दुसऱ्या फेरीत तिनाचे दोन: १३२, म्हणजे चार टाक्यांची तेहतीस घरं. तिसऱ्या फेरीत पाचाचे तीन करत गेलं की गळ्याचे ८० उरतात. म्हणून तुझ्या स्वेटरवर खाली मोठी गोपद्मं आहेत, त्यांच्या वर लहान, आणि गळ्यापाशी नुसते ठिपके. प्रत्येक फेरीत तेहतीसच. मोजून बघ.

आकार मात्र सहजी वठला नाही. साध्या विणीत १० सेंटिमीटरात आडवे २० टाके आणि उभ्या २८ ओळी येतात. त्या हिशोबाने चौकटी आखून गोपद्म काढलं, तर विणल्यावर उंच आणि काडीसारखं झालं. दोन रंगांत विणलं की टाका बदलतो. वीण आवळते म्हणून तेवढ्या भागाला सात नंबरची जाड सुई घेतली. टाके २० राहिले, पण ओळी २४ वर आल्या. मग दोन रंगांचाच मापाचा चौकोन विणला, धुऊन वाळवला आणि त्यावरून आठ ओळींचं गोपद्म बसवलं.

काखेपासून गळ्यापर्यंतची उंची झिमरमनबाईच्या हिशोबाने घेराच्या पाव, म्हणजे २५ सेंटिमीटर. शेजारची मुलगी तुझ्याच अंगलटीची. तिला घालून पाहिलं तर काखेखाली झोळ आला. खांदे सगळे उसवले. उसवलेली लोकर कुरळी होते आणि तशीच विणली तर टाके वेडेवाकडे पडतात. तिची लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवली आणि दांडीवर वाळत टाकली. सरळ झाल्यावर २२ सेंटिमीटर उंची धरली आणि मागच्या बाजूला काही अर्ध्या ओळी जास्त घातल्या. त्याने मान मागून झाकते आणि पुढे गळ्याला काचत नाही.

खालचा काळा काठ खरखरीत का, हेही तू विचारलं होतंस. ती आपल्या दख्खनी मेंढीची लोकर, न रंगवलेली. धनगरांकडे तिची घोंगडी होते आणि त्या सुताला चिंचोक्याची खळ लावतात. सगळा स्वेटर तिचाच करायची माझी फार इच्छा होती. पण तिचा तंतू जाड, मानेला टोचतो, म्हणून अंगाला मऊ मेरिनो घेतली. काठ मात्र माझ्या हट्टाने दख्खनी ठेवला. तो जीन्सवर येतो, टोचायचा प्रश्न नाही. धुताना फक्त गार पाणी, चोळायचं पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून आडवा वाळत घाल.

मैत्रिणीला सांग, तिची छाती तुझ्याहून मोठी असली तरी टाके २००च ठेवावेत आणि लोकर-सुई जाड घ्यावी. १० सेंटिमीटरात १८ टाके बसले तर घेर १११ सेंटिमीटर होतो आणि तेहतिसाचं गणित मोडत नाही. तिला ३० टाक्यांचा एक चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजायला सांग. तो आकडा आणि तिचं छातीचं माप मला कळव, खांद्यांची उंची मी काढून देते. तिन्ही आकारांच्या गोपद्मांच्या चौकटी सोबतच्या कागदावर आहेत. त्यांत गोपद्मांच्या पांढऱ्या लोकरीच्या जागा मी पेन्सिलीने भरल्या आहेत.

तुझी,
आत्या