आधी फोटो पोचतो, मग नट

नटाचा हेडशॉट म्हणजे डोक्यापासून छातीपर्यंतचा, नजर कॅमेऱ्याला भिडलेली, असा एकट्या चेहऱ्याचा फोटो. त्यात नेपथ्य नसते, संवाद नसतो, सोबतीला दुसरे पात्र नसते. रंगमंचावर तीन तास बोलणाऱ्या, रडणाऱ्या, हसवणाऱ्या माणसाला इथे गप्प राहूनच समोरच्याला भेटायचे असते. स्थळाबरोबर पाठवलेल्या फोटोचे जे काम, तेच याचे: पाहणाऱ्याने ‘बोलावून तर घेऊ’ म्हणावे, एवढेच. आणि फोटोतली व्यक्ती एक, दारात आलेली भलतीच, असे झाले की जी शोभा तिथे होते तीच इथेही होते.

हा प्रकार रुजला तो इंग्लंड-अमेरिकेत. लंडनमध्ये १९२७ साली ‘स्पॉटलाइट’ ही नटनट्यांची सूची निघाली. हॉलिवूडमध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने १९३७ पासून ‘प्लेयर्स डिरेक्टरी’ छापायला घेतली. आठ बाय दहा इंचांचा कृष्णधवल फोटो आणि त्याच्या पाठीला टाचलेला कामांचा तपशील, ही अमेरिकन नटाची शिदोरी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. डिजिटल कॅमेरे आल्यावर ती रंगीत झाली.

मराठी रंगभूमीला फोटोचे वावडे कधीच नव्हते. शालू-नथीतले बालगंधर्वांचे फोटो आजही जुन्या घरांतून सापडतात. पण ते भामिनीचे फोटो, सिंधूचे फोटो. नारायण श्रीपाद राजहंस या माणसाचे नव्हेत. भूमिकेचा फोटो आणि नटाचा फोटो यांतला हा फरक नवोदितांच्या अजूनही ध्यानात येत नाही. फेटा बांधून, मिशी लावून काढलेला मावळ्याचा फोटो ते हेडशॉट म्हणून पाठवतात आणि पाहणाऱ्याला दिसतात ती फक्त मिशी आणि फेटा.

मुंबईत चेहऱ्याच्या छायाचित्रणाची मोठी परंपरा आहे. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांनी १९४८ मध्ये दादरला ‘इंडिया फोटो स्टुडिओ’ थाटला आणि त्या काळच्या तारे-तारकांचे चेहरे स्पॉटलाइटच्या प्रखर प्रकाशात, गडद सावल्यांसह टिपले. पुढच्या पिढीत गौतम राजाध्यक्षांनी तोच चेहरा मऊ, पसरलेल्या उजेडात आणला. त्यांचे ‘फेसेस’ हे पुस्तक १९९७ साली निघाले. दोघांचेही काम मोलाचे, पण नवोदितांनी त्याची नक्कल करू नये. ज्याला सारा देश ओळखतो त्याच्या फोटोत गूढता शोभते. ज्याला कोणीच ओळखत नाही त्याने अर्धा चेहरा अंधारात ठेवला, तर उरलेल्या अर्ध्याची चौकशी करायला कोणी थांबत नाही.

कारण पाहणाऱ्याकडे वेळ नसतो. वर्सोव्याच्या आरामनगरातल्या कास्टिंग ऑफिसांत, गोरेगाव-मालाडच्या मालिकांच्या कचेऱ्यांत आता कागदी फोटो क्वचितच पोचतो. तो येतो व्हॉट्सॅपवर, शंभर दुसऱ्या फोटोंच्या गर्दीत, आणि पहिल्यांदा दिसतो तो अंगठ्याच्या नखाएवढा. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विलिस आणि टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की अनोळखी चेहऱ्याबद्दल हा विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का, याचे मत माणसे सेकंदाच्या दहाव्या भागात बनवतात. जास्त वेळ दिला तर मत फारसे बदलत नाही, त्यावरचा भरवसा तेवढा वाढतो. तेव्हा हेडशॉटची पहिली परीक्षा सोपी आहे. मोबाइलवर तो लहानात लहान करून पाहावा. एवढ्याशा चौकोनातही डोळे दिसले आणि हा माणूस कोण असेल असे कुतूहल वाटले, तर फोटो पास.

डोळे दिसण्याची गोष्ट उजेडावर ठरते. बुबुळात उजेडाचा लहानसा ठिपका उमटला की नजर जिवंत वाटते. तो नसला तर हसरा माणूसही हरवल्यासारखा दिसतो. हा ठिपका मिळवायला महागडा स्टुडिओ लागतोच असे नाही. मोठ्या खिडकीपाशी, थेट ऊन न येणाऱ्या बाजूला, चेहरा खिडकीकडे किंचित वळवून बसले की निम्मे काम होते. उत्तरेचा उजेड चित्रकारांना प्रिय, कारण त्यात ऊन जवळपास येतच नाही आणि तो दिवसभर फारसा बदलत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात तर आभाळच मोठा पडदा होऊन उजेड गाळून देते. जुलैतली एखादी उघडिपीची, पण ढगाळ सकाळ फोटोसाठी उत्तम. टाळायची ती भर दुपार. डोक्यावरचे ऊन भुवयांच्या सावल्या डोळ्यांच्या खोबणीत टाकते, आणि वीस वर्षांची मुलगी चाळिशीची, तीही न झोपलेली, दिसते.

उजेडानंतर अंतर. मोबाइल हातभर पुढे धरून काढलेल्या फोटोत नाक मोठे दिसते, त्यात नाकाचा दोष नसतो. नाकाचे टोक आणि कान यांत मागेपुढे साधारण १२ सेंटिमीटरचा फरक धरला आणि कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असला, तर नाक कानांच्या मानाने ४० टक्के मोठे उमटते. कॅमेरा मागे, दोन मीटरवर नेला की हाच फरक ६ टक्क्यांवर येतो. म्हणून फोटोग्राफर दूर उभा राहतो आणि ८५ ते १३५ मिलिमीटरची लेन्स लावून चेहरा जवळ आणतो. या साध्या त्रैराशिकाने किती नाकांची बदनामी थांबली असती! मागची भिंत साधी हवी. समुद्र, सूर्यास्त, वांद्रे-वरळी सागरी सेतू हे सगळे सुंदर आहेत, पण त्यांना काम मिळवायचे नसते.

कपड्यांचा नियम एका ओळीचा: चेहऱ्याआधी कपडा दिसला तर कपडा चुकला. बारीक चौकटी, मोठी अक्षरे, चमचमती जर, रंगीत चष्मा हे सारे घरी राहू द्यावे. आपल्याकडे निदान दोन पेहराव लागतात: एक साडी किंवा कुर्ता, एक शर्ट किंवा टी-शर्ट. मालिकावाल्यांना सून पाहायची असते, जाहिरातवाल्यांना कॉलेजातली मुलगी. मेकअप एवढाच असावा की कपाळ तेलकट दिसू नये.

इथे जरा थांबायला हवे, कारण सगळ्यात मोठी फसवणूक याच टप्प्यावर होते आणि ती नट स्वतःच्या पैशाने करून घेतो. फोटो निघतो, रिटचिंगला जातो आणि परत येतो तो दोन छटा गोरा होऊन. गालावरचा तीळ गेलेला, डोळ्यांखालच्या रेषा पुसलेल्या, कातडी मेणाची. गोरेपणाच्या हौसेला आपल्याकडे क्रीमच्या जाहिरातींनी पिढ्यान्‌पिढ्या खतपाणी घातले. स्टुडिओवाल्यांनी तिचा दर ठरवला. तात्पुरती पुटकुळी पुसायला हरकत नाही, आठवड्याभरात ती जाणारच असते. पण जन्मखूण, व्रण, सावळा रंग, वाकडा दात हे नटाचे भांडवल आहे. ते पुसणारा फोटोग्राफर फुकट मिळाला तरी महाग.

स्मिता पाटील यांच्याबद्दल सांगितली जाणारी हकिकत या बाबतीत आठवावी अशी आहे. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हाचे हे दिवस. परिचयातल्या एका छायाचित्रकाराने काढलेले तिचे फोटो त्या केंद्रात नेले गेले, तिथल्या वरिष्ठांच्या नजरेला पडले आणि ही मुलगी कोण, अशी विचारणा झाली. ती मराठी बातम्या देऊ लागली. तिथून श्याम बेनेगल यांच्या नजरेत आली आणि १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ व ‘निशांत’ आले. सावळा वर्ण, रुंद कपाळ, थेट नजर, आणि चेहऱ्यावर कोणाला खूष करण्याची धडपड नाही. तो चेहरा एखाद्या हौशी रिटचरच्या हाती सापडला असता तर काय उरले असते, याची कल्पनाही करवत नाही. चार दशकांनंतर ‘फॅंड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) या नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांनी गावातले, उन्हातले चेहरे जसेच्या तसे पडद्यावर आणले. मागणी खऱ्या चेहऱ्याचीही असते. पुरवठाच गुळगुळीत होत चालला आहे.

कॅमेऱ्यासमोर चेहऱ्याने करायचे काय, हा प्रश्न अवघड. ‘हसा’ म्हटले की ओठ हसतात आणि डोळे घाबरलेले राहतात. दात आवळून गंभीर दिसण्याचा प्रयत्न करणारा नट पोलिसांनी पकडलेला इसम दिसतो. चांगले फोटोग्राफर नटाला भाव सांगत नाहीत, प्रसंग देतात: दार उघडले आणि बऱ्याच वर्षांनी भाऊ समोर उभा आहे, उधारी मागायला आलेल्याला नाही म्हणायचे आहे. मनात वाक्य असले की डोळ्यांत ते येते, आणि नटाला ही कला तालमीत शिकवलेलीच असते. खालची पापणी किंचित आवळली की नजरेला धार येते. पूर्ण ताणलेल्या डोळ्यांत भीती दिसते. हनुवटी जराशी पुढे आणि खाली घेतली की जबड्याची रेषा स्पष्ट होते. करताना विचित्र वाटते, फोटोत दिसत नाही. सुरुवातीचे वीस-पंचवीस फोटो वायाच जातात. अंग सैल व्हायला तेवढा वेळ लागतो, आणि घाईचा फोटोग्राफर तिथेच थांबतो.

मग निवड. इथे नटाचा स्वतःचा कौल सगळ्यात कमी धरावा. माणूस जन्मभर स्वतःला आरशात, म्हणजे उलटा, पाहतो. १९७७ साली अमेरिकेतल्या मीता, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी माणसांना स्वतःचा सरळ आणि आरशातल्यासारखा उलटा असे दोन फोटो दाखवले. बहुतेकांना स्वतःचा उलटा आवडला, त्यांच्या मित्रांना मात्र सरळ. नट ज्या फोटोवर खट्टू होतो, तोच अनेकदा जगाच्या ओळखीचा असतो. आईचा कौलही बाजूला ठेवावा. तिला सगळेच आवडतात. फोटो दाखवावे ते नाटकाच्या दिग्दर्शकाला किंवा कामापुरती ओळख असलेल्या माणसाला, आणि ‘छान दिसतोय का’ असे न विचारता ‘हा माणूस काय काम करत असेल’ असे विचारावे. उत्तर ‘बँकेत असेल’, ‘वकील वाटते’, ‘हा दोस्ताला दगा देईल’ असे आले, तर त्या फोटोतून भूमिका निघू शकते. ‘फोटो मस्त आलाय’ एवढेच आले, तर तो घरच्या भिंतीसाठी ठेवावा.

पाठवताना एक समोरचा क्लोजअप, एक मिड, एक पूर्ण उंचीचा, आणि डावी-उजवी बाजू दाखवणारे दोन, एवढे पुरतात. तीस फोटोंचा पोर्टफोलिओ कोणी उघडत नाही. फाइलला नटाचे नाव द्यावे. कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांच्या नावाची फाइल दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसातही कोणाला सापडत नाही. सोबत उंची, शोभेल तो वयोगट, येणाऱ्या भाषा, राहण्याचे शहर. मराठीबरोबर अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा कोंकणी येत असेल तर ते आवर्जून लिहावे. बोलीच्या जोरावर मिळालेल्या भूमिका थोड्या नाहीत.

पैशांबद्दल दोन शब्द. चांगल्या फोटोला खर्च येतो आणि तो फोटोग्राफरच्या हातात, पावती घेऊन, द्यावा. पण ‘आमच्याच माणसाकडून पोर्टफोलिओ काढा, मग मालिकेत घेतो’ असे सांगणारे ऑफिस फोटोचे दुकान असते, भूमिकेचे नव्हे. खऱ्या कास्टिंगमध्ये ऑडिशनसाठी नटाकडून पैसे घेत नाहीत. नागपूर, नांदेड, कोल्हापूरहून आलेल्या मुलामुलींनी ही एक गोष्ट तरी पक्की लक्षात ठेवावी. पैसे नसतील तर नाट्यसंस्थेतल्या कॅमेरावाल्या मित्राला गाठावे, खिडकी शोधावी आणि एक सकाळ त्यात घालवावी. ते फोटोही चालतात.

आणि फोटो शिळा होतो. विशीच्या आतल्या चेहऱ्याला वर्षभरात नवा फोटो लागतो. चाळिशीनंतर दोन-तीन वर्षे एक फोटो चालून जातो. मधे केस कापले, दाढी ठेवली, वजन आठ-दहा किलोंनी बदलले, तर जुना फोटो त्याच आठवड्यात बाद करावा आणि ज्यांच्याकडे तो पोचला आहे त्यांना नवा पाठवावा.